हेमराजभाऊंची उसनी साक्ष

हेमराजभाऊ आयुष्यात एकदाच खोटं बोलले. तेही चर्चमध्ये, माईकवरून, दोनशे माणसांसमोर.

त्याआधीच्या बावन्न वर्षांत त्यांच्याविरुद्ध कुणाला काही सापडलं नव्हतं. नवापूरच्या डोंगराकडेच्या त्या गावात ते दूध संकलन केंद्रावर दूध मोजत. मशीनवर जो फॅट येई तोच मोठ्यानं सांगत. एकदा घरच्याच म्हशीच्या दुधात पाणी निघालं. त्यांनी बायकोची, मंगळीबाईंची, किटली सगळ्यांसमोर परत केली. मंगळीबाई आठ दिवस बोलल्या नाहीत. गावाला मात्र कळलं की या माणसाला आपलं-परकं कळत नाही.

म्हणूनच फादरांनी त्यांचं नाव दिलं. प्रत्येक गावातून एक चांगला प्रापंचिक हवा होता. श्रद्धेचं काम फक्त फादर-सिस्टरांनीच का करायचं? साध्या माणसांनीही आपली श्रद्धा दुसऱ्याला सांगायला शिकावं, म्हणून सहा रविवारांचं शिबिर होतं. शिकवायला सिस्टर प्रिस्किला आल्या होत्या. फळा, रंगीत खडू आणि टेबलावरची एक घंटी घेऊन.

सिस्टरांनी फळ्यावर तीन खाने आखले. पूर्वी. भेट. आता.

"पूर्वी मी कसा होतो, मग प्रभू कसा भेटला, आता मी कसा आहे," त्या म्हणाल्या. "ही तुमची साक्ष. तीन मिनिटं. मग घंटी."

रायसिंगचा 'पूर्वी'चा खाना पहिल्याच दिवशी भरला. तो दोन महिने तुरुंगात राहून आला होता. त्याला गटप्रमुख केलं. एकाने बकऱ्या चोरल्या होत्या, तो दुसऱ्या बाकावर बसला. तुळशीबाईंनी सासूला विहिरीत ढकलायचा विचार केला होता. नुसता विचार, पण सिस्टरांनी तोही चालवून घेतला.

हेमराजभाऊंचा खाना कोरा राहिला.

"प्रत्येकाच्या आयुष्यात अंधार असतो, हेमराजभाऊ. शोधा."

"शोधतो, सिस्टर."

घरी येऊन त्यांनी मंगळीबाईंना विचारलं. त्या भाकरी थापत होत्या.

"अंधार? डीपी जळला तेव्हा होता की चार दिवस."

"तसा नाही. माझ्यात वाईट काय होतं लग्नानंतर?"

मंगळीबाईंनी खरंच विचार केला. "घोरता."

"ते आत्ताही घोरतो."

"मग सांगा, बायकोला मारायचो."

"कधी मारलं?"

"नाही मारलं. पण सिस्टर एवढं मागतात तर सांगायला काय जातं?"

रविना, त्यांची मुलगी, हसायला लागली. ती नर्सिंग करून सरकारी दवाखान्यात लागली होती. तिच्यासाठी स्थळं पाहणं चालू होतं. "बाबा, असलं काही माईकवर सांगू नका," ती म्हणाली. "आधी माझं लग्न होऊ द्या."

पाचवा रविवारही कोरा गेला. सिस्टर प्रेमानं म्हणाल्या, पुढच्या रविवारी मिस्सेच्या प्रार्थनेनंतर साक्ष द्यायची आहे. ज्यांचे तीन खाने भरले नसतील त्यांनी यंदा नुसतं ऐकायला बसावं. हेमराजभाऊंना लाज वाटली. डाग नाही म्हणून निवडलेला माणूस डाग नाही म्हणून नापास होत होता.

त्या संध्याकाळी ते केंद्रावर गप्प बसले होते. शेजारचा उदेसिंग किटली घेऊन आला. उदेसिंग मूळचा कोरीट गावाकडचा, इथं घरजावई. तीस वर्षं झाली तरी अहिराणीतच बोले. चर्चला जात नसे. देव त्याचा डोंगरावरचा, आणि बाटली मोहाची.

त्यानं सगळं ऐकून घेतलं.

"मन्ही गोट ली जाय," तो म्हणाला. "मन्हाकडे पडेलच शे."

आणि त्यानं सांगितलं. पोरगा तापानं फणफणला होता. बायकोनं, कौसाबाईनं, पायातली चांदीची कडी काढून दिली आणि औषध आणायला पाठवलं. उदेसिंग कडी विकून प्यायला. सकाळी घरी आला तेव्हा हातात औषधाची रिकामी बाटली होती, तिनंच नमुना म्हणून दिलेली. पोरगं वाचलं, ते कौसाबाईनं रात्रभर ओल्या फडक्यानं पुसलं म्हणून. ती वर्षभर नवऱ्याशी बोलली नाही.

उदेसिंग हे हसत सांगत होता. शेवटी हसला नाही.

"पन पुरी सांगजो," तो उठताना म्हणाला. "अर्धी नको."

हेमराजभाऊंनी ती गोष्ट वहीत उतरवली. 'भेट'च्या खान्यात गुड फ्रायडे घातला, बायकोची प्रार्थना घातली. 'आता'चा खाना सोपा होता. आता मी दारूला शिवत नाही. हे वाक्य शंभर टक्के खरं होतं, आणि त्यांनी मनाची समजूत त्याच वाक्यावर काढली.

रविवारी ते उभे राहिले. पहिलं वाक्य अडखळलं. मग कड्यांची गोष्ट आली आणि त्यांचा आवाज भरून आला, कारण गोष्ट खरी होती. बायका पदरानं डोळे पुसू लागल्या. "माझ्या बायकोनं मला टाकलं नाही," ते म्हणाले. "तिच्या प्रार्थनेनं मी सुटलो. कुणालाच टाकू नका. कुणीही सुटू शकतो." घंटी वाजवायची सिस्टर विसरल्या. तिसऱ्या बाकावर मंगळीबाई तोंड उघडं टाकून ऐकत होत्या. एवढी प्रार्थना आपण केव्हा केली, हे त्यांना आठवेना.

उदेसिंग मुद्दाम ऐकायला आला होता. दाराशी उभा होता. बाहेर आल्यावर त्यानं तक्रार केली.

"बाटली निळी व्हती. तू हिरवी सांगी."

दुसऱ्या दिवशी केंद्रावर बायका त्यांच्याकडे दयेनं पाहू लागल्या. जसोदाबाईंनी दूध ओतलं, आकडा ऐकला आणि हळूच विचारलं, "भाऊ, तेव्हा पिऊनच मोजायचे का हो?" रायसिंगचं गटप्रमुखपद गेलं, ते हेमराजभाऊंना मिळालं. तुरुंगापेक्षा कडी भारी ठरली. सिस्टरांनी त्यांना शेजारच्या तीन चर्चच्या धर्मग्रामांत न्यायचं ठरवलं. बॅनर छापला. त्यावर हेमराजभाऊंचा फोटो होता, आणि फोटोखाली लिहिलं होतं: अंधारातून प्रकाशाकडे.

महिन्याभरानं सुरुपसिंग आले. राज्याच्या सीमेजवळच्या गावचे, कॅथलिकच, चांगले बागायतदार. मोटारसायकल अंगणात लावली, चहा घेतला आणि सरळ म्हणाले, "जोसेफसाठी तुमची रविना मागायला आलोय."

घर चांगलं होतं. हेमराजभाऊ खुलले. "मुलगा काय करतो?"

"पितो," सुरुपसिंग म्हणाले.

त्यांनी कप खाली ठेवला.

"लपवणार नाही. तुमच्यापुढं काय लपवायचं? त्या रविवारी इथं येऊन तुमची साक्ष ऐकली आम्ही नवरा-बायकोनं. घरी जाऊन जोसेफच्या आईला म्हटलं, पोराला असंच घर पाहिजे. सासरा असा, की जो स्वतः त्यातून गेलाय. सासू अशी, की जिनं नवऱ्याला प्रार्थनेनं सोडवलं. आईचंच वळण लेकीत असणार."

मंगळीबाई आत गेल्या.

हेमराजभाऊंनी प्रयत्न केला. मुलगी नोकरीची आहे. वय लहान आहे. गाव लांब आहे. प्रत्येक कारणाला सुरुपसिंग त्यांचंच वाक्य पुढे करत. कुणालाच टाकू नका, असं कोण म्हणालं? कुणीही सुटू शकतो, असं कोण म्हणालं? "भाऊ, तुम्हाला तेव्हा कुणी मुलगी दिलीच ना? मग माझ्या पोराला का नाही?"

 हेमराजभाऊ पाणी आणायच्या निमित्तानं आत गेले. रविना चुलीपाशी उभी होती. ती सगळं ऐकत होती.

"हे स्थळ तुमच्या साक्षीनं आलंय," ती म्हणाली. "तुम्हीच परत पाठवा. मी दवाखान्यात रोज असली माणसं पाहते, बाबा. त्यांच्या बायकाही पाहते. मी तिथं सुई टोचू शकते. लग्न नाही करणार."

ते बाहेर आले. पाण्याचा तांब्या खाली ठेवला. उभ्यानंच बोलले, फॅट सांगतात तसं.

"मी आयुष्यात दारू प्यायलो नाही. ती साक्ष खोटी होती."

सुरुपसिंग हसले. "मुलगी द्यायची नाही म्हणून?"

"विचारा गावात."

त्यांनी विचारलं. कुंपणापाशी उभ्या जसोदाबाई म्हणाल्या, माणूस सोन्यासारखा, कधी थेंब नाही. आणखी दोघांनी तेच सांगितलं. सुरुपसिंगांनी मान हलवली. "स्थळ पाहायला आलं की गाव हेच म्हणतं. माझंही गाव जोसेफबद्दल हेच म्हणतं."

शेवटी हेमराजभाऊंनी उदेसिंगला हाक मारली. तो हलतडुलत आला. खाटेवर बसला. हेमराजभाऊ म्हणाले, ती गोष्ट सांग.

उदेसिंगनं सांगितली. कडी कोणत्या घडणीची होती तेही सांगितलं. बाटली निळी सांगितली. सुरुपसिंगांच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू गेलं. ते खाटेजवळ सरकले. त्यांचा आवाज एकदम खाली आला.

"मग भाऊ, तुमची सुटली कशी?"

"सुटनी?" उदेसिंगनं हेमराजभाऊंकडे पाहिलं. "कोनी सोडी? मी ते आतेबी पिसन उनू."

सुरुपसिंग खाटेपासून मागे सरकले. 'पूर्वी'चा खाना एकाचा होता, 'आता'चा दुसऱ्याचा. मधल्या 'भेट'मध्ये कुणीच नव्हतं.

"आम्ही रडलो त्या दिवशी," ते म्हणाले. "जोसेफची आई रडली. कुणासाठी रडलो आम्ही?"

"यांच्यासाठी," हेमराजभाऊ म्हणाले.

"मन्हासाठे?" उदेसिंगनं विचारलं. चर्चच्या दाराशी उभं राहून त्यानं सगळं पाहिलं होतं, पण हे त्याच्या लक्षात आलं नव्हतं. तो खाली पाहू लागला.

सुरुपसिंग उठले. "पोराला तुमचं नाव सांगितलं होतं. म्हटलं, एक माणूस सुटलाय. आता काय सांगू?"

"खरं सांगा."

"खरं ऐकून तो सुटेल?"

"मला माहीत नाही," हेमराजभाऊ म्हणाले.

मोटारसायकल गेली. पुन्हा त्या घरातून रविनासाठी निरोप आला नाही.

चहाचे कप विसळायच्या आतच हेमराजभाऊंनी सिस्टरांना फोन लावला. सगळं सांगितलं. 

"बॅनर छापून झालाय, हेमराजभाऊ," सिस्टर अखेर म्हणाल्या. "दोन गावांत लागलाही आहे. मी असं करते, तुम्हाला बरं नाही म्हणून कळवते."

"मी बरा आहे, सिस्टर."

"हो, पण लोकांना काय सांगायचं?"

"बरं नाही म्हणणं, तेही खोटं होईल."

 सहा रविवार साक्ष द्यायला शिकवणाऱ्या बाई अडल्या होत्या. "मग मी काय सांगू?" त्यांनी विचारलं. अगदी खरोखर विचारलं.

"तुम्ही काही सांगू नका," हेमराजभाऊ म्हणाले. "मी येतो. माईकवर मीच खरं सांगतो."

त्यांनी फोन ठेवला. मंगळीबाईंनी त्यांचा चर्चला घालायचा पांढरा सदरा भिजत घातला.