साठ गोळ्या आणि कुंकू

"नळीला इचार," असं म्हणून ते उजव्या हाताचा अंगठा तर्जनीवर घासत राहायचे. तेलाचं बोट पुसायची सवय हात कोरडा असतानाही सुटली नव्हती. रायफलला कोणती गोळी चांगली, असं नेमबाजीच्या क्लबात कोणीही विचारलं की उत्तर हेच. परदेशी गोळ्यांची महागडी डबी पुढे केली तरी ते तिच्याकडे ढुंकून बघायचे नाहीत.

आम्ही त्यांना हवालदारकाका म्हणायचो. मूळचे साताऱ्याकडचे. फौजेतली सगळी नोकरी बंदुका दुरुस्त करण्यात गेली. निवृत्तीनंतर जुईनगरला दोन खोल्यांत बिऱ्हाड केलं आणि आमच्या या क्लबातली शस्त्रं सांभाळू लागले. घरीही तोच खाक्या. आमटी कशी झालीय असं काकूंनी विचारलं तर म्हणायचे, "पोटाला इचारून सांगतो." आणि खरोखरच संध्याकाळी सांगायचे. काकू कपाळाला हात लावायच्या.

मी तेव्हा न्हावा शेवा बंदरात कस्टमची कागदपत्रं करणाऱ्या एका एजंटाकडे नोकरीला होतो. घर जासईला. वडिलांची एक जुनी पॉइंट टू टू रायफल होती, शिकारीवर बंदी येण्याआधी सशांमागे हिंडलेली. खाडीच्या खाऱ्या हवेनं तिची नळी आतून खाऊन टाकली होती. परवाना माझ्या नावावर झाला तेव्हा मी ती काकांकडे नेली. त्यांनी नळी उजेडाकडे धरून एकदाच आत पाहिलं आणि मान हलवली.

वडिलांना तीच हलकी, खांद्यावर टाकून फिरता येईल अशी रायफल परत हवी होती. खरं तर फिरणार कुठे? आमच्या शेतात कंटेनर उभे होते. मला हवी होती नेमबाजीची. काकांनी दोघांचं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "शिकारीला एकच गोळी लागती. टार्गेटाला साठ लागत्यात, आन् साठीच्या साठ सारख्या." लाकडी दस्ता वडिलांचाच ठेवायचा आणि नळी जाड, जड बसवायची, असं शेवटी ठरलं. वडील दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

सगळ्या परवानग्या काढून नळी बसवली आणि मग गोळ्या निवडायला पावसाळाभराचे रविवार गेले. तुम्ही ते पाहायला हवं होतं. रायफल वाळूच्या पिशवीवर ठेवायची, एका डबीतल्या पाच गोळ्या झाडायच्या, नळी पुसायची, मग दुसऱ्या डबीतल्या पाच. प्रत्येक कागदावरच्या पाच भोकांभोवती काका पेन्सिलीनं गोल काढायचे. एका नळीला मानवलेली गोळी दुसरीला मानवेलच असं नाही, हे मी तिथे शिकलो. सातव्या डबीची पाचही भोकं एका टिकलीखाली झाकली गेली. काकांनी टोपी काढून डोकं पुसलं. त्या डब्यांवर स्वतःच्या हातानं माझं नाव लिहून त्यांनी ताकीद दिली, पाणी नको, तेल नको, ऊन नको.

दिवाळीआधी पुण्यात राज्य स्पर्धा होती. तिथे निवड झाली तर मी राष्ट्रीय स्पर्धेला जाणार होतो. काकांनी आयुष्यभर दुसऱ्यांच्या बंदुका नीट केल्या, पण त्यांनी स्वतः निवडलेली नळी तिथवर कधी गेली नव्हती. हे ते बोलले नाहीत, काकूंनी सांगितलं.

खंडेनवमीला ते आमच्याकडे शस्त्रपूजेला आले. फौजेत हा दिवस कधी चुकवला नाही, म्हणाले. रायफलला झेंडूचा हार घातला. मग त्यांनी स्पर्धेसाठी काढून ठेवलेल्या साठ गोळ्या ताटात उभ्या मांडल्या, वाटीत तेलात कुंकू कालवलं आणि एकेका गोळीला बोट लावायला सुरुवात केली.

वडील हळूच म्हणाले, "हवालदार, गोलीला त्याल लावाचा नाय, आसा तुमीच सांगलेला हाय ना?"

काकांचं बोट थांबलं. ते माझ्याकडे वळले. "तुला काय वाटतं रं?"

मला माहीत होतं. पण त्या थकल्या चेहऱ्यावरचा आनंद बघून माझी जीभ रेटली नाही. मी म्हणालो, "एवढ्यानं काय होतंय, काका. पुसून घेऊ." त्यांनी साठही गोळ्यांना कुंकू लावलं.

पुण्यात चाळीस गोळ्या चांगल्या गेल्या. एक्केचाळिसावीचा आवाज फुसका आला आणि कागदावर भोक पडलं नाही. तेव्हाच थांबायला हवं होतं. पुसलं तरी तेल आत मुरून दारू भिजली होती आणि ती गोळी नळीतच अडकून बसली होती. साठ गोळ्यांना वेळ मोजकाच, माझं डोकं घड्याळात. मी पुढची झाडली आणि हाताला हिसका बसला. राष्ट्रीय स्पर्धा तिथेच हुकली.

परत आल्यावर काकांनी नळीवरून बोटं फिरवली आणि एका जागी ती थांबली. पोलाद तिथे किंचित फुगलं होतं. क्लबात त्यांनी सगळ्यांना सांगितलं, "चूक माझी. म्या त्याल लावलं." मला विचारून लावलं, हे त्यांनी कुणालाही सांगितलं नाही. त्यानंतर ते क्लबात आले नाहीत.

महिन्याभरानं मी जुईनगरला गेलो तर सामान बांधून झालेलं. गावी परत निघाले होते. मला राहवलं नाही. म्हणालो, "काका, मला कळत होतं. मी नाही म्हणायला हवं होतं."

ते अंगठा बोटावर घासत राहिले. "तू कसा न्हाय म्हणशील? तुझी माया हाय माझ्यावर. म्हणून तर नळीला इचारायचं असतं. तिला कुणाची भीड नसती."

त्या साली मार्गशीर्षात ते गेल्याचं पत्र आलं. रायफल मी पुढे पुन्हा दुरुस्त केली नाही. आमच्या घरी आजही खंडेनवमीला तिची पूजा होते. वडील होते तोवर तेच करायचे, आता मी करतो. ती फुगलेली जागा बोटाला लागली की मी हार तिथेच घालतो, झाकली जावी म्हणून. कुंकू लावत नाही.