बोटांना ठाऊक असलेलं बेट

बाइंडरदादाच्या हाताला गुण होता, हे त्याचे वैरीही कबूल करतील. फाटकं पुस्तक आणून टाका, चार दिवसांत नव्यासारखं. तो पुठ्ठे कापायचा, खळ लावायचा, आणि धाकटी बहीण छापलेल्या पानांचे फर्मे शिवायची. दुकान दोघांचं, पण चालायचं तिच्या सुईवर. दादाला हे पक्कं माहीत होतं, बोलून मात्र कधी दाखवलं नाही.

रविवारी दुपारी कापायचं टेबल रिकामं व्हायचं आणि त्यावर समुद्र मांडला जायचा. खेळायला दादा, त्याची बायको, धाकटी आणि शेजारच्या छापखान्यातला खिळे जुळवणारा जुळारी. पालथे चौकोनी पुठ्ठे एकेक उलटायचे. कुठे बेट निघेल, कुठे वादळ. बेट लागलं की बंदर बांधायचं, वादळ लागलं की गलबत बुडून गडी बाद, आणि ज्याची सात बंदरं आधी झाली तो जिंकला. पुठ्ठे झिजले तेव्हा दादानेच त्यांच्या पाठीवर नवा कागद चिकटवला. तिथेच घोळ झाला. कुठे खळ जाड बसली, कुठे कडा फुगली. बघणाऱ्याला काही दिसत नव्हतं, पण दादाच्या बोटांना खाली काय आहे ते कळायचं. त्याने मुद्दाम केलं नव्हतं, हे खरं. कळल्यावर चकार शब्द काढला नाही, हेही खरंच. साळसूदपणे वादळं टाळायचा नि जिंकायचा. जुळारी म्हणायचा, याचं नशीबच बलवत्तर. कसलं डोंबलाचं नशीब!

मग धाकटीला दूरच्या शहरातल्या संग्रहालयातून पत्र आलं. जुने नकाशे दुरुस्त करायची नोकरी होती. जायची तिला फार इच्छा होती, पण दादा हो म्हणेना की नाही म्हणेना, आठ दिवस नुसता धुमसत राहिला. शेवटी रविवारी डाव मांडताना तीच म्हणाली की दादाला हरवलं तर जाईन, हरले तर राहीन. वहिनीने तिला वेड्यात काढलं. दादा मात्र मुकाट्याने खेळायला बसला.

दोघांची सहा-सहा बंदरं झाली. पाळी दादाची, आणि पुठ्ठे उरले तीन. बोट फिरवताच कळलं, डावीकडे बेट, मधल्याखाली वादळ. मधला उचलला असता तर त्याचं गलबत बुडालं असतं आणि बहीण सुटली असती. बोट मधल्यावर थांबलंसुद्धा. मग धाकटीशिवायचं दुकान डोळ्यांपुढे आलं, आणि त्याने डावीकडचा उलटला.

ती शब्दाला जागली. नोकरीला नकार कळवला आणि पुढची सोळा वर्षं फर्मे शिवत राहिली. डोळे अधू झाले तसं सुईत दोराही दादाच ओवून द्यायला लागला. त्या दिवसानंतर डाव काही मांडला गेला नाही, आणि दादाला ते आतून कुरतडत राहिलं. एका दुपारी दोरा ओवता ओवता त्याने सगळं ओकून टाकलं, पुठ्ठ्यांचं, बोटांचं, त्या शेवटच्या बेटाचं. मी तुला फसवलं, म्हणाला.

धाकटीने त्याच्या हातातून सुई घेतली.

"उचलायच्या आधी तू बोट फिरवायचास, ते मी पहिल्यापासून बघत होते, दादा," ती म्हणाली. "म्हणून तर त्याच खेळावर पैज लावली. वाटलं, तोंडाने 'जा' म्हणवणार नाही तुला, निदान हरशील तरी."