अर्धं पाऊल पुढे

ताईला जन्मापासून दिसत नाही आणि मला जन्मापासून गप्प बसवत नाही. ती एका कचेरीत टेलिफोनवर बसते. दोनशे नंबर तिला तोंडपाठ. मी घरी शिलाईकाम करते आणि मला स्वतःचा नंबरही बघून सांगावा लागतो. लहानपणापासून आमचं ठरलेलं होतं. खड्डा असो, पायरी असो, आधी माझ्या पायाला लागायची. मी अर्धं पाऊल पुढे, ताईचा हात माझ्या कोपरावर. असं आम्ही अख्खं शहर पालथं घातलं.

छत्तिसाव्या वर्षी ताईच्या डोक्यात धावायचं खूळ शिरलं. चारशे मीटर! क्लबातल्या सरांनी समजावलं, की तिच्यासोबत एक डोळस जोडीदार धावेल, दोघींच्या हातांत एक छोटी दोरी असेल. जोडीदार कोण, हा प्रश्नच नव्हता. दोरी मीच शिवली, जुन्या जीन्सच्या पट्टीला मऊ अस्तर लावून. सुरुवातीला मला अशी धाप लागायची, की ताई विचारायची, मशीनला तेल घालायचं राहिलं का म्हणून.

दोन वर्षांनी निवडीची शर्यत आली. पहिल्या तिघी राज्याच्या संघात जाणार होत्या, आणि ताईला त्या संघात जायचंच होतं. शेवटच्या सरळ पट्ट्यात आम्ही दुसऱ्या होतो. तेवढ्यात रेघेजवळ कुणाची तरी पाण्याची बाटली घरंगळत आली. मी ती बघितली आणि सवयीने ताईच्या पुढे झाले. रेघ आधी मी ओलांडली. जोडीदार आधी पोचला की धावणारी बाद, हा नियम मला पाठ होता. पायांना नव्हता.

मी पंचांशी कडाकडा भांडले, बाटलीवाल्याच्या सात पिढ्या उद्धरल्या, आणि मग कपडे बदलायच्या खोलीत जाऊन हमसून हमसून रडले. बाहेर आल्यावर सरांनी पुढच्या वर्षासाठी कॉलेजातली एक चपळ मुलगी सुचवली. त्यांचं चुकत नव्हतं. मीही मान डोलावली. ताई बुटांच्या नाड्या सोडत होती.

"मी पळायला शिकेपर्यंत ही दोन वर्षं थांबली," ती सरांना म्हणाली. "हिला मागे राहायला शिकायला एक वर्ष लागलं तर लागू दे. मी थांबते."

तिचे हे उपकार मी कशात मोजू?

वर्षभर मी मागे राहायला शिकले. बाजारात ती काठी घेऊन पुढे, मी मागे, जीव मुठीत धरून, नजर खड्ड्यांवर. एकदा ती खांबावर आपटली, कपाळाला टेंगूळ आलं. मी बोंब मारणार, तर ही आपली हसतेय. नवरा म्हणाला, लेक मोठी होतेय, आताच सवय करून घे. मेला कधीकधी खरं बोलतो. यंदा लेक एकटी परगावी शिकायला गेली, तेव्हा मी दारातूनच हात हलवला. ताई नसती तर मी लेकीच्या आधी गाडीत जाऊन बसले असते.

त्या वर्षाअखेरच्या निवडीच्या शर्यतीत शेवटच्या वीस मीटरला मी दोरी धरून ठेवली, पण ओढ सोडली. ताई पुढे गेली. तिसरी आली, संघात गेली. मला मात्र त्या क्षणी नंबरबिंबर काही कळलं नाही. जन्मभर तिच्याबरोबर चालून मी तिची पाठ पहिल्यांदाच नीट पाहत होते. किती ताठ होती ती! आणि मी इतकी वर्षं तिच्या वाटेत उभी होते.