मद्रासचा मंगळ

माझ्या लहानपणी मुंबईत दोन वेळा नांदत होत्या. गावाची वेळ मुंबईची आणि आगगाडीची वेळ मद्रासची, आमच्या अर्धा तास पुढे. सूर्यच आमच्याकडे उशिरा पोचतो, त्याला कोण काय करणार! गिरगावातल्या आमच्या बिऱ्हाडात भिंतीवरचं घड्याळ मुंबईचं होतं. वडील परळला आगगाडीच्या कारखान्यात कारकून, म्हणून त्यांच्या खिशातलं घड्याळ मद्रासचं, आणि त्याचा त्यांना भारी तोरा. आई म्हणायची, एका घरात दोन वेळा म्हणजे दोन सवतीच.

मला अकरावं लागलं होतं आणि पत्रिकेत कडक मंगळ, थेट पहिल्या घरात. दोन स्थळं पत्रिका पाहूनच परत फिरली होती. शेवटी कल्याणचा एक बिजवर पुढे आला. चाळिशी उलटलेली, पहिली बायको वारलेली. पण त्यालाही मंगळ, म्हणजे पत्रिका जुळली. वडिलांनी होकार दिला. आई त्या रात्री जेवली नाही. मी मात्र मनातल्या मनात त्या न पाहिलेल्या माणसाच्या मिशांना रोज शिव्या देत असे.

एका रविवारी त्याचे मामा सुपारी फोडायची तिथी ठरवायला येणार होते. चारच्या सुमारास घेऊन येतो, असं सांगून वडील स्टेशनावर गेले. आईने भिंतीकडे पाहत सावकाश रवा भाजायला घेतला, आणि साडेतीनलाच मामा दारात उभे. तिचं लुगडं बदलायचं राहिलेलं, माझी वेणी अर्धी. वडिलांनी पाहुण्यांना झोपाळ्यावर बसवलं आणि आत येऊन आईलाच सुनावलं, की चार म्हणजे आगगाडीचे चार, एवढंही कळू नये?

आई उलथणं घेऊन भांडायलाच वळली होती, पण मध्येच थांबली. तिने माझ्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे.

"अहो, ही झाली तेव्हा वेळ कुठल्या घड्याळात पाहिलीत?"

वडिलांचा हात खिशाकडे गेला तो तिथेच राहिला. तेव्हा आम्ही परळला राहत होतो आणि घरात दुसरं घड्याळच नव्हतं. सुईणीने हाक दिली तशी त्यांनी खिशातलं घड्याळ पाहिलं आणि तीच वेळ जोशीबुवांना सांगितली. जोशीबुवांनी पंचांगातल्या मुंबईच्या सूर्योदयापासून घटका मोजल्या. जन्म मुंबईतला आणि वेळ मद्रासची!

वडील तसेच बोडक्या डोक्याने जिना उतरले. माझ्या अंगात वारं शिरलं. मी खिडकीतून त्यांना गल्लीत धावताना पाहिलं. आपले वडील धावू शकतात हे मला त्या दिवशी कळलं. जोशीबुवांना दुपारच्या झोपेतून उठवूनच त्यांनी आणलं. ते पाटीवर आकडे मांडू लागले. दाराआड आईने माझा दंड इतका घट्ट धरला होता की तिच्या बांगड्या मला रुतत होत्या. मामा निवांत शिरा खात होते.

जोशीबुवांनी मांडलं, पुसलं, पुन्हा मांडलं. माझे ठाऊक असलेले सगळे देव आळवून झाले. मग त्यांनी मान वर केली.

"मंगळ पहिल्या घरात नाही, दुसऱ्यात आहे. मुलीला मंगळ नाही."

मी एवढी घोडी झालेली, तरी आईने मला उचलून गरकन फिरवलं. वडील मात्र अजून अडकलेलेच. आपण शब्द दिलाय, असं ते चाचरत म्हणू लागले. पण मामांनी बशी खाली ठेवली होती. भाच्याला कडक मंगळ. बिनमंगळाची बायको केली तर तीही जायची, हे त्यांना कुणी समजवायला नको होतं. त्यांनी वडिलांचा हात हातात घेतला आणि अगदी कळवळून म्हणाले, "फार वाईट झालं हो. मंगळाची इतकी चांगली मुलगी हातची गेली."

आई पदराचा बोळा तोंडात कोंबून हसत होती. हसता हसता ती चुलीपाशी मटकन खाली बसली आणि रडायला लागली.