एका खुंट्यापुरती जागा

आमच्या घोडे-दत्तक योजनेचं कार्यालय म्हणजे माझा फोन आणि परसातला एक खुंटा. बीडहून पालीकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमचं घर. मागे पत्र्याची शेड, तिच्यात एकाच जनावराला पाय मोकळे करता येतील एवढी जागा. कार्यकर्ते तीन. मी कॉलेजात इतिहास शिकवते. दुसरे जनावरांचे डॉक्टर. तिसरे गॅरेजवाले चाचा, ज्यांच्या वडिलांचा टांगा होता. वरातीच्या घोड्या म्हाताऱ्या झाल्या की त्यांना गावाबाहेर सोडून देणारे मालक असतात. ज्या पाठीवरून इतक्यांचे संसार सुरू झाले, त्या पाठीला शेवटी सावलीही मिळू नये, हे आम्हा तिघांनाही बघवेना. कुणीतरी काहीतरी केलं पाहिजे असं म्हणता म्हणता ते कुणीतरी आम्हीच निघालो. पद्धत साधी होती. जनावर माझ्याकडे आणायचं, बरं करायचं, चांगलं घर बघून द्यायचं आणि खुंटा मोकळा झाला की पुढचं आणायचं. आपल्या परसात मुक्काम, संसार नाही, हा नियम मीच केला होता आणि तो इतरांना मोठ्या आवाजात ऐकवतही होते.

एकदा एका पुढाऱ्याच्या माणसांनी आमचा ‘भव्य अश्व दत्तक सोहळा’ ठरवून टाकला. फ्लेक्सवर साहेब पुरुषभर उंचीचे, खाली शुभेच्छुकांच्या दोन रांगा आणि कोपऱ्यात घोडं. तेही आमचं नव्हे, कुठूनतरी उचललेलं, बहुधा अरबी. साहेबांना तेव्हा आमच्याकडे असलेल्या घोडीवर बसून फोटो हवा होता. डॉक्टर गंभीर चेहऱ्यानं म्हणाले, “लाथ मारते, साहेब.” ती बिचारी अंगावरची माशीसुद्धा परवानगी घेऊन उडवणारी. साहेबांनी तिला लांबूनच शाल दाखवली, सामाजिक बांधिलकीवर भाषण केलं आणि ते पुढच्या उद्घाटनाला गेले. शाल उबदार होती. थंडीभर ती घोडीच्या पाठीवर होती.

घरात मात्र आमच्या कार्याचं असं कौतुक कुणी केलं नाही. रविवार म्हटला की मी कुणाचा तरी गोठा बघायला निघालेली असायची. पाणी कुठून येतं, चारा कुठे ठेवता, पावसात आत गळतं का, असे प्रश्न मी परक्या लोकांना विचारायची. दहावीतली लेक एकदा म्हणाली, “आई, आमच्या शाळेच्या मीटिंगला पण येत जा ना तपासणीला. छत गळतंय तिथलं.” नवऱ्याचं कापडाचं दुकान. तो रात्री उशिरा घरी यायचा आणि ताटावर बसल्यावर म्हणायचा, “घोड्याचा चारा झाला असंल तर आमच्याकडं बघा.”

आणि आप्पा, म्हणजे माझे सासरे, काहीच म्हणायचे नाहीत. अर्धांगवायूचा झटका येऊन गेल्यापासून ते खोलीतच असत. डावा हात कामातून गेलेला. जेवणाचं ताट आत जायचं, रिकामं होऊन बाहेर यायचं. टीव्ही दिवसभर चालू, आणि त्यांची नजर त्याच्या शेजारच्या भिंतीवर. तरुणपणी हेच आप्पा तट्टावर कापडाचे गठ्ठे लादून गावोगावचे आठवडी बाजार करत. दुकान त्यातूनच उभं राहिलं. पण ते मी नवऱ्याकडून ऐकलेलं. आप्पांनी स्वतः कधी सांगितलं नव्हतं.

अशात ती घोडी आली. पांढरी, म्हणजे कधीकाळी पांढरी असलेली. गुडघे सुजलेले, पाठीवर खोगिराचे घट्टे. ती आल्यानंतर दोन-तीन दिवसांनी संध्याकाळी मागचं दार वाजलं. बघते तर काठी टेकत आप्पा परसात उभे.

“हे कोनी बांदलं?” त्यांनी विचारलं.

“मी.”

“घोडी हाय का सायकल? एवढं आखडून कावून बांदलं?”

कितीतरी दिवसांनी ऐकलेलं त्यांचं पहिलं पूर्ण वाक्य, आणि तेही मला बोल लावणारं. मला इतका आनंद झाला की मी दोर सोडून पुन्हा चुकीचाच बांधला. ते पुन्हा ओरडले.

त्यानंतर आप्पा रोज दिवस कलला की बाहेर येऊ लागले. एक खुर्ची परसात गेली ती तिथेच राहिली. आप्पा उजव्या हातानं घोडीची मान खाजवत आणि तिच्याशी बोलत. काय बोलत ते आम्हाला कळू देत नसत. मग लेक पुस्तकं घेऊन पायरीवर बसायला लागली. मी चहा तिकडेच न्यायला लागले. नवऱ्यानं एक दिवस दुकानातल्या माणसावर गल्ला सोपवला आणि लवकर घरी आला, “सहज” म्हणून. दुसऱ्या दिवशीही सहजच आला. ताटं परसात आली. आप्पा बाजारातल्या गोष्टी सांगू लागले. कुठल्या गावची गिऱ्हाइकं कापड दातानं ओढून बघत, कुठल्या नाल्यात तट्टू बसलं आणि वऱ्हाडाची सगळी धोतरं लग्नाआधीच भिजली. लेक पोट धरून हसायची. हे असं काही महिने चाललं. मी कशाचंही महत्त्व फुगवून सांगण्याच्या विरुद्ध आहे, पण आमच्या घराला तेव्हा घरपण होतं.

मग एका आठवड्यात दोन फोन आले. पहिला डॉक्टरांचा. नारायणगडाच्या रस्त्याला एक तट्टू पडून आहे, पायाची जखम चिघळलीय, खुंटा कधी मोकळा होतो? दुसरा परळीच्या वाटेवरच्या एका गावातून. निवृत्त एसटी ड्रायव्हर आणि त्यांची बायको, त्यांना म्हातारं घोडं सांभाळायचं होतं. मी जाऊन बघून आले. गोठा कोरडा, पाणी दारात, चारा भरपूर, पुढे त्यांचाच ऊस. बारकाईनं शोधूनही एक दोष मिळाला नाही. परत येताना मला त्यांचा थोडा रागच आला होता.

आप्पांना मी सांगितलं. ते “बरं” म्हणाले आणि त्या संध्याकाळी घोडीजवळ जरा जास्त बसले.

रविवारी ते ड्रायव्हर आणि त्यांची बायको पिकअप घेऊन आले. आप्पा खुर्चीतच होते.

“दावं आनलंय का?” त्यांनी विचारलं.

ड्रायव्हर गोंधळले. “हे हाय की गळ्यात.”

“ते आमचं. जनावर जातं, दावं घरात ऱ्हातं. बिनदाव्याचे आलात, आता कशी देऊ घोडी?”

रीत खरी होती. बाजारात जाऊन दोर आणायला पंधरा मिनिटं लागली असती. ते मला सुचलंही होतं. मी गप्प बसले. पिकअप रिकामी गेली आणि त्या संध्याकाळी परसात सगळे उगाच खुशीत होते.

पुढच्या रविवारी ते दोर घेऊन आले. आप्पांनी तो बोटांनी चाचपला. “नायलॉनचा हाय. मान कापंल तिची.”

“आप्पा,” नवरा हळूच म्हणाला, “दुकानात गठ्ठ्याचा सुती दोर हाय. आनू का?”

“तू गप बस बे.”

तिकडे डॉक्टरांनी त्या तट्टाची जागेवरच मलमपट्टी सुरू केली होती. “मॅडम, उन्हात पडलंय ते,” एवढंच ते फोनवर म्हणाले होते. मला माझा नियम ठाऊक होता. हेही ठाऊक होतं की हा दोर सुती असता तर तो आखूड निघाला असता. आणि मी मनातून आप्पांच्या पुढच्या खोडीची वाट बघत होते.

तेवढ्यात ड्रायव्हरांची बायको पुढे आली. तोपर्यंत ती एक शब्द बोलली नव्हती. खाली पायरीवर बसून म्हणाली, “आप्पा, तुमच्या मनात न्हाई तर ऱ्हाऊ द्या. आमी दुसरं बघू.”

आप्पा तिच्याकडे बघत राहिले. “तुमच्या घरी सांजच्याला कोन असतं?”

“मीच की. पोरं पुन्याला. हे देवळाच्या पारावर जाऊन बसतेत.” तिनं नवऱ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. “चूल पेटवते अन् बसते. टीवी लावते. लई बोलतो तो, पन आपल्याशी न्हाई बोलत.”

आप्पा काठीवर भार देऊन उठले आणि घोडीच्या कानामागे खाजवत त्या बाईला म्हणाले, “हितं. हितं खाजवलं की मान सैल सोडती ती. घेऊन जा.”

नवऱ्यानं दुकानातला सुती दोर आणला. नवा दोर चढवताना आप्पांनी तोंड फिरवलं नाही, सगळं नीट बघितलं. पिकअप वळली तेव्हा लेक रडत घरात पळाली. आप्पा म्हणाले, “शेड झाडून घ्या. ते तट्टू कवा येतंय?”

तट्टू आलं, बरंही झालं आणि गेलं. त्यानंतर आणखी आली. योजना उत्तम चालू आहे. आप्पा एखादे दिवशी बाहेर येतात, जनावर बघतात, दोराला नावं ठेवतात आणि आत जातात. नवरा पुन्हा उशिरा येतो. लेक बारावीच्या क्लासला जाते. संध्याकाळी मी चहाचा एकच कप घेऊन परसात बसते आणि समोरच्या घोड्यावर थोडा अन्याय करते, कारण ते ती नसतं. त्या बाईचा मधूनमधून फोन येतो. ती आप्पांनाच फोन द्यायला सांगते. आप्पा “हां, हां” एवढंच म्हणतात, पण त्या वेळी टीव्ही बंद करतात.

दिलेलं जनावर कसं आहे हे बघायला नियमाप्रमाणे मला जायचं होतं. मी डॉक्टरांना पाठवलं. ते म्हणाले, घोडी मस्त आहे, जरा जाडच झालीय.

मागच्या महिन्यात परीक्षेच्या कामासाठी एसटीनं परळीला जाऊन आले. रात्री आप्पांना सांगितलं, की त्या बाईच्या गावचा फाटा लागला होता.

“उतरली न्हाईस?”

“नाही.”

“बरं केलंस. आपन गेलो की जीव थाऱ्यावर ऱ्हात न्हाई.”

“घोडीचा?”

“घोडीला काय, खाती अन् ऱ्हाती. त्या बाईचा. परत न्यायला आले का काय म्हनून.”

मी ताट उचललं. दारापर्यंत गेले तेव्हा मागून आवाज आला, “फाट्यावरून त्यांचा ऊस दिसतो का?”

“दिसतो.”

“अन् गोठा?”

“नाही दिसत, आप्पा,” मी म्हणाले. “जाताना बघितलं आणि येताना बाजू बदलून बसले होते. नाही दिसत.”