साडूंची डावी बाही

माझ्या साडूंइतकं जग पाहिलेला माणूस बदनापुरात दुसरा नाही, आणि ते सगळं त्यांनी स्टेशनजवळच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये, पूलच्या, म्हणजे काठीने बॉल भोकात घालायच्या खेळाच्या, टेबलाभोवती फिरत पाहिलं आहे. रात्री मोबाइलवर परदेशी खेळाडू पाहायचे आणि दुसऱ्या दिवशी तसं खेळायचं, शिवाय वागायचंही तसंच. अमेरिकेच्या दिवशी ते बैलबाजारातल्या दलालासारखे अखंड बोलत आणि पहिला फटका असा हाणत की पत्र्यावरची कबुतरं उडावीत. जर्मनीच्या दिवशी तोंडाला कुलूप. एकच फटका दुपारपर्यंत घोटायचा आणि जेवताना भाकरीचेसुद्धा चार सारखे तुकडे करायचे. माझी मेहुणी सकाळीच विचारून घेई, "आज कोणत्या देशात हायेत?" जर्मनी असली की भाजीत मीठ जास्त पडलं तरी ती निर्धास्त असे.

लाडकं मात्र फिलिपिन्स. "तिकडं टेबल गल्लीत ऱ्हातंय, साडूभाऊ. वरून पत्रा गळतो, खालून कुत्रं जातं. मंग ते पोट्टे सरळ मारतच न्हाईत, चारी कडांना पत्ता विचारत बॉल घालतात. अन् हारले तरी हसतात! आपलं टेबल बी रुळांकडं कललेलं. आपण त्यांचेच भाऊबंद."

अशा या माणसाने सामना विकला, असं आमच्या गावात आजही बोललं जातं. म्हणून हे लिहितो आहे.

जालन्याला अंतिम सामना होता आणि पंच मी होतो. निवृत्त मास्तर खोटं बोलत नाही, या समजुतीवर. साडूंचा फक्त शेवटचा काळा बॉल उरला होता, तोही पॉकेटच्या, म्हणजे कोपऱ्यातल्या भोकाच्या, तोंडाशी; तो आत गेला की बदनापूर जिंकलं. ते वाकले, थांबले आणि सरळ उभे राहिले. "फाऊल. माझी बाही लागली त्याच्या बॉलला." पाळी समोरच्याकडे गेली आणि त्याने तिथेच सामना जिंकला.

परतताना जीपमध्ये आमची माणसं पेटली होती. "कोणी पाह्यलं न्हाई, तर बोलायचं कशाला? बिलकुल विकली मॅच! मास्तर, तुम्ही पंच व्हते. लागल्ती का बाही?"

लागली होती. बॉल जरासा हलला, तो मी पाहिला होता आणि बदनापूर जिंकावं म्हणून गप्प बसलो होतो. हो म्हणालो असतो, तर मंग तुम्ही का बोलले न्हाईत, हा प्रश्न ठरलेला. मी म्हणालो, "मला तरी दिसलं नाही."

साडू माझ्या शेजारीच बसले होते. खिडकीबाहेर पाहत राहिले. त्यानंतर त्यांना कोणी संघात घेतलं नाही. ते शेडमध्ये एकटेच खेळू लागले आणि बरेच दिवस जर्मनीतच राहिले.

काल हे सगळं त्यांना वाचून दाखवलं. आता ते खेळत नाहीत, त्यांची क्यू, खेळायची काठी, कोपऱ्यात उभी असते. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाले, "बाही डावी व्हती. तेवढं बराबर लिहा."

"रागावलात?"

"तुम्ही पाह्यलं व्हतं, हे मला तवाच ठावं व्हतं. पण ते तुम्ही सांगायचं व्हतं, साडूभाऊ. पंच तुम्ही व्हते."

आतून मेहुणीने सवयीने विचारलं, "आज कोणत्या देशात हायेत?"

साडूंनी झब्ब्याची डावी बाही हळूहळू कोपरापर्यंत दुमडली. "आज घरीच हाय," ते म्हणाले. "दोघांचा चहा टाक."