चमत्कार म्हणायचं नाही
माझा मामा रफूगार आहे. दुकान एवढंसं की दोन गिऱ्हाइकं आत आली तर तिसऱ्याने बाहेर पायरीवर थांबायचं. खिडकीला लागून त्याचं टेबल, त्यावर भिंग लावलेला दिवा आणि सुया टोचलेली उशी. मामा शिवतो आणि मी बोलते, अशी आमची कामाची वाटणी आहे. ती उलटी झाली तर दुकान आठवडाभरात बंद पडेल, कारण मला सुई धरता येत नाही आणि मामाला जीभ.

रफू म्हणजे ठिगळ नव्हे. कापडाच्याच आतल्या दुमडीतून धागा ओढून काढायचा आणि भोकावर एक उभा, एक आडवा असा पुन्हा विणत जायचा. शेंगदाण्याएवढ्या भोकाला सहा तास लागतात. मग गिऱ्हाईक येतं, कपडा उजेडात धरतं, भोक शोधशोध शोधतं आणि म्हणतं, "चमत्कार आहे बुवा."

झालं, मामाचं डोकं फिरलं.

"कसला चमत्कार? सहा तास मान मोडून बसलोय. तुम्ही इथे नव्हता, म्हणून तो चमत्कार."

गिऱ्हाईक ओशाळतं, मी हसून वेळ मारून नेते. मामाच्या मते हा शब्द म्हणजे दुसऱ्याच्या कष्टांवर मारलेली काट. वैद्याने महिनाभर औषध द्यायचं, बायकोने रात्री जागवायच्या, आणि माणूस उठून बसला की सगळ्यांनी म्हणायचं चमत्कार झाला. मी म्हणते, अरे, चमत्काराशिवाय नमस्कार नाही, आपलं पोट त्यावरच चाललंय. आणि तुझे कष्ट दिसले तर ते रफू कसलं? यावर तो भिंगात डोळा घालतो. मामी म्हणते, "चमत्कार माहीत नाही, पण माणूस चमत्कारिक आहे एवढं नक्की."

तर एक दिवस भूगोलाचे निवृत्त मास्तर त्यांचा राखाडी कोट घेऊन आले. उंच, सावकाश बोलणारे. कॉलरला कसरीने दोन भोकं पाडली होती. "एवढं कॉलरचं बघा," ते म्हणाले. मी चिठ्ठीवर ठळक लिहिलं, 'फक्त कॉलर', आणि ती कोटाला टाचली.

मामा चिठ्ठ्या वाचतो, पण हात त्याचं ऐकत नाहीत. कॉलर झाल्यावर त्याला डाव्या मनगटापाशी एक जुनी शिवण दिसली. राखाडी कोटावर तपकिरी लोकर, टाके एकाचं तोंड इकडे तर दुसऱ्याचं तिकडे, आणि मधे चांगली वाटाण्याएवढी गाठ. असलं काही बघितलं की मामाला खाज सुटते. त्याने ते सगळं उसवलं आणि त्या जागी असं रफू केलं की मलाही खूण सापडेना. वर मला सांगितलं, "हे आपल्याकडून. मास्तर खूश होतील."

मास्तर आले, त्यांनी कोट चढवला. कॉलरकडे पाहिलंच नाही. उजव्या हाताचा अंगठा सवयीने डाव्या मनगटावर गेला, पुढे सरकला, मागे आला, पुन्हा पुढे गेला.

"इथलं कुठे गेलं?"

"ते पण करून टाकलं," मामा खुशीत म्हणाला. "फार वाईट शिवलं होतं कुणीतरी."

"आमच्या हिने शिवलं होतं," मास्तर म्हणाले. "आयुष्यात एकदाच सुई हातात धरली. मुलांना सहलीला नेत होतो, गाडीच्या दारात बाही फाटली. शेजारच्या बाकावरच्या बाई स्वेटर विणत होत्या, त्यांची लोकर मागून घेतली आणि वाटेत शिवलं. चार वर्षं झाली तिला जाऊन. तिच्या हातचं घरात दुसरं काही नाही."

ते रागावले असते तर बरं झालं असतं. ते नुसते खुर्चीत बसले, कोट मांडीवर घेऊन. मला मामाचा भयंकर राग आला आणि त्याहून जास्त त्याची दया आली, कारण त्याचा चेहरा तोंडात मारल्यासारखा झाला होता. दुसऱ्याच्या कष्टांवर काट मारतात म्हणून जगाशी भांडणारा हा माणूस, आणि त्याने एका बाईचं काम चिमट्याने उपटून काढलं होतं.

एक गोष्ट मात्र बरी होती. कपड्यातून निघालेला धागा गिऱ्हाइकाचा, अशी मामाची शिस्त. काम घरी जाईपर्यंत तो टाकत नाही. टेबलावरच्या कागदी पुडीत ती तपकिरी लोकर होती, वेटोळं होऊन बसलेली.

"मास्तर, तसंच होणार नाही," मामा म्हणाला. "पण बसता का? मला सांगत राहा."

मग त्याने चार तासांचं स्वतःचं रफू दहा मिनिटांत उसवलं. बाही पुन्हा फाटकी झाली. लोकर ओवली आणि वाईट शिवायला बसला. आणि काय सांगू, माझ्या मामाला वाईट शिवताच येईना. टाका वाकडा घालायला जावं तर हात सरळ घालायचा. मुद्दाम वाकडा घातला तर तो मुद्दाम घातलेला दिसायचा. मास्तर डोळे मिटून अंगठा फिरवायचे आणि मान हलवायचे. "नाही. फार नीट आहे."

पुन्हा उसवलं. दुसऱ्यांदा मास्तर म्हणाले, "ती ओढायची जोरात. दाव्याला गाय बांधल्यासारखी."

तिसऱ्यांदा मामाने ओढून पाहिलं, कापडाला चुण्या पडल्या. मास्तरांचा अंगठा जरा थांबला, पण पुढे गेला. "ओढ बरोबर आहे. कल उलटा आहे."

मामाने सुई खाली ठेवली. "बाई डावखुऱ्या होत्या?"

"हो की. सांगायचं राहिलंच."

मामाने सुई डाव्या हातात घेतली. तीस वर्षांत प्रथमच त्याने स्वतःचं बोट टोचून घेतलं, तेही दोनदा. जीभ दातांत धरून, पहिलीतलं पोर अक्षर गिरवतं तसा तो शिवत होता. टाके जिकडे जातील तिकडे जात होते. गाठ तर अशी बसली की मी तोंड फिरवून हसले. मास्तरही हसायला लागले. "ती पण अशीच शिव्या देत होती," ते म्हणाले. मामा शिव्या देतोय हे तोवर माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

दुपार टळून गेली होती. पायरीवरची दोन गिऱ्हाइकं कंटाळून परत गेली. मास्तरांनी कोट चढवला, डोळे मिटले आणि अंगठा मनगटावर नेला. तो चुण्यांवरून सरकला, गाठीपाशी आला आणि तिथेच राहिला. बराच वेळ.

"तिचं नाही हे," ते म्हणाले.

"नाही," मामा म्हणाला.

"अंगठ्याला मात्र चालतंय."

मग त्यांनी डोळे उघडले. मामाच्या बोटाला मी बांधलेल्या चिंधीकडे पाहिलं, टेबलावर पडलेल्या तपकिरी तुसांकडे पाहिलं.

"चमत्कार म्हणवत नाही हो," ते म्हणाले. "मी सगळा वेळ इथेच बसलो होतो."

मामाने त्यांच्याकडे पाहिलं आणि त्यांच्या कोटाची वरची दोन बटणं लावून दिली.